ह्यांच्या शर्टाचा वास

या सदरातले अनुभव मी आजवर वाचले ते त्यांत खोट कुठे सापडते ते बघायला. माझं कामच तसं आहे. अंबडच्या एका कारखान्यात मी माल तपासतो. मापात बसला तर पास, नाही तर परत. भूत, भास, संकेत यांतलं काहीच माझ्या मापात कधी बसलं नाही... त्यामुळे हे लिहिताना जरा अवघडल्यासारखं होतंय.

आमचं रो-हाऊस इंदिरानगरला. घरात मी, बायको वर्षा आणि आई. आई अठ्ठ्याहत्तरची. कोरोनात तिचा वास गेला तो परत आलाच नाही. दूध करपून पातेलं काळं झालं तरी शेजारी उभ्या असलेल्या तिला पत्ता नसतो. डॉक्टर म्हणाले, आता आशा धरू नका.

इन्व्हर्टरची बॅटरी आधी हॉलमध्ये ट्रॉलीवर असायची. दीडशे एएचची, उंच, पाणी घालावं लागतं त्यातली. मुलीच्या साखरपुड्याआधी वर्षा म्हणाली, "पाहुण्यांसमोर तो डबा नको हं." म्हणून ती देवघराखालच्या कपाटात गेली आणि साखरपुडा झाला तरी तिथेच राहिली. चार्जिंगला बॅटरीतून हायड्रोजन निघतो, ठिणगीने तो भडकतो, हे मला माहीत होतं. म्हणून कपाटाच्या दाराला मी जाळी बसवून घेतली. पण त्या जाळीतून झुरळं ये-जा करायला लागली, थेट वर नैवेद्यापर्यंत. वर्षाने मला न सांगता जाळीला आतून पुठ्ठा चिकटवून टाकला. देवघरातल्या बल्बच्या वायरसाठी वरच्या फळीला एक भोक होतं, ते तेवढं उघडं राहिलं.

मे महिना. त्या दिवशी दुपारभर लाइट नव्हती. पाचच्या सुमारास आली आणि चार्जिंग सुरू झालं. संध्याकाळी नेहमीप्रमाणे आई दिवा लावायला उठली. मी सोफ्यावर पेपर चाळत होतो. वर्षा फुलांची परडी घेऊन आईच्या मागेच उभी होती. देवघराची दारं अजून बंद होती आणि आईच्या हातात काडेपेटी.

"वर्षा, ह्यांचा शर्ट बाहेर काढलास का गं?"

"कुणाचा शर्ट, आई?"

"अगं, ह्यांचा. वास येतोय ना."

'हे' म्हणजे माझे वडील, आमचे दादा. त्यांना जाऊन बरीच वर्षं झाली. टेलिफोन एक्स्चेंजच्या बॅटरी रूममध्ये त्यांची सगळी नोकरी गेली. अ‍ॅसिडच्या शिंतोड्यांनी त्यांच्या शर्टांना बारीक भोकं पडायची, आणि एक उग्र, आंबूस वास यायचा. इतर कपड्यांची चाळण होऊ नये म्हणून आई ते शर्ट वेगळ्या बादलीत भिजवायची.

वर्षाने माझ्याकडे पाहिलं. "आई, तुम्हाला वास येतोय?"

"येतोय म्हणजे? इथे येऊन उभे राहिल्यासारखा येतोय!"

वर्षाने दोनदा नाक ओढून पाहिलं. तिचं नाक असं आहे की शेजारी कुकरमध्ये डाळ लागली तर आमच्या हॉलमध्ये बसून सांगते. "मला तर काहीच येत नाही," ती म्हणाली. मलाही येत नव्हता.

आईने बाहेर काढलेली काडी पेटीत परत ठेवली. "मी नाही दिवा लावत आत्ता. ड्यूटीवरून आले की अंघोळ करून शर्ट बदलेपर्यंत हे मला स्टोव्ह पेटवू द्यायचे नाहीत. वर चहा कुठेय म्हणून ओरडायचे... आता काडीशिवाय चहा कसा करायचा, सांग!"

आम्ही दोघंही हसलो. तिची समजूत काढावी म्हणून मी उठून देवघरापाशी गेलो. तेव्हा ऐकू आलं — खालच्या कपाटातून बुडबुड, बुडबुड. साबुदाण्याची खीर रटरटावी तसं. दाराला हात लावला. लाकूड गरम.

हसू तिथेच थांबलं.

"आईला घेऊन बाहेर जा. बटणाला, पंख्याला, कशालाही हात लावू नकोस," मी वर्षाला म्हणालो. मेन स्विच बाहेर पोर्चमध्ये आहे. तो बंद केला, सगळ्या खिडक्या उघडल्या, मग हात लांब करून कपाटाचं दार ओढलं. वाफेसारखा लोट आला आणि त्याबरोबर तो वास. बाहेरून वर्षा ओरडली, "ईऽऽ, हे काय सडलंय?" आता तिला येत होता. मलाही. आणि तो दादांच्या शर्टाचाच होता.

बॅटरीची एक बाजू फुगली होती. दुसऱ्या दिवशी, ती पूर्ण थंड झाल्यावर, चष्मा-हातमोजे घालून मी अ‍ॅसिडची घनता मोजणारा हायड्रोमीटर लावला. पाच सेलमध्ये आकडा बाराशेच्या वर, सहाव्यात तरंगणी उठलीच नाही. तो सेल आतून शॉर्ट झालेला. बॅटरी भरलीच नाही असं समजून चार्जर करंट ढकलत राहिला आणि उरलेले पाच सेल उकळले. जाळी बंद, म्हणजे गॅस त्या भोकातून वर, बंद देवघरात. आईने दार उघडून काडी ओढली असती तर... पुढचं मी मनातसुद्धा पूर्ण करत नाही.

इथवर सगळं मापात बसतं. आई बसत नाही.

घशाला बोचलं असेल, असं मी आधी धरलं. अ‍ॅसिडची वाफ नाकाशिवायही जाणवते. पण दारं बंद असताना? आणि नाक शाबूत असलेल्या आम्हा दोघांच्या आधी? मग वाटलं, वास परत येत असेल. डोळे मिटायला सांगून तिच्या नाकाशी कापूर धरला, हिंग धरला, कॉफीचा डबा धरला.

"काय आहे, ओळख."

"तुझा हात आहे. परीक्षा कसली घेतोस रे माझी?"

शेवटी तिच्या ट्रंकेतला दादांचा एकमेव उरलेला शर्ट काढला. तिने तो तोंडावर धरला. बराच वेळ धरला.

"नाही रे," ती म्हणाली. "काहीच नाही."

नवी बॅटरी मागच्या पॅसेजमध्ये, मोकळ्या हवेत, छपराखाली आहे. दर महिन्याला चार्जिंग पूर्ण झाल्यावर मी खुणेपर्यंतच डिस्टिल्ड वॉटर घालतो, सहाही सेल तपासतो. देवघराखालचं कपाट रिकामं आहे.

तरी रोज संध्याकाळी आई काडी ओढण्याआधी देवघरासमोर थांबते. मान जरा वर करून खोल श्वास घेते. ज्या नाकाला कापूरसुद्धा कळत नाही, त्या नाकाने. मी पेपर खाली ठेवून वाट बघतो.

"आज नाहीत हे," असं म्हणते, आणि दिवा लावते.