गावचीच ताई

लातूरच्या ज्या कॉलेजात मी नोकरी केली, तिथल्या 'ताई-दादा' योजनेचं माझ्या निवृत्तीच्या कार्यक्रमात फार कौतुक झालं. पहिल्या वर्षाच्या प्रत्येक विद्यार्थ्याला वरच्या वर्गातलं कुणीतरी सोबतीला द्यायचं, अशी ती योजना. तिच्यातल्या एका मुलीबद्दल मी त्या दिवशी बोललो नाही. आता सांगतो.

जोड्या गावावरून लावायची कल्पना माझी होती. मी स्वतः खेड्यातला; परक्या शहरात गावचं माणूस दिसलं की धीर येतो, एवढंच मला ठाऊक. वरच्या वर्गातली एक मुलगी तेव्हाच म्हणाली होती, "सर, गावची ताई म्हंजे सासूच की!" सगळे हसले. मीही हसलो.

त्या वर्षी अर्धापूरकडची एक मुलगी बीएस्सीला आली. तिला मी तिच्याच गल्लीतली, तिसऱ्या वर्षाची ताई दिली. मुलगी मराठी शाळेतली, आमचे तास सगळे इंग्रजीत. काहीच कळेना, म्हणून तिनं प्रॅक्टिकलला जाणंच सोडलं. हॉस्टेलच्या खोलीवर नुसती रडत बसायची. हे तिनं फक्त ताईला सांगितलं. ताई तिला संध्याकाळी मराठीतून समजावू लागली आणि मुलगी हळूहळू पुन्हा वर्गात दिसू लागली.

मग एक दिवस तिचे वडील माझ्यासमोर येऊन उभे राहिले. केळीचा घड त्यांनी टेबलाशेजारी ठेवला.

"पोरीला घेऊन जातो, सर. तिला झेपंना म्हणं."

"कोण म्हणालं?"

"तुम्हीच नेमलेली की, आमच्या शेजारची. वेळेवर कळलं, लई उपकार झाले तुमचे."

"अहो, आता तिला जमायला लागलंय. परीक्षेपर्यंत तरी राहू द्या."

"पोरगी रडून राहिली म्हणल्यावर बापानं गप बसावं का, सर?"

ते चिडले असते तर मी भांडलो असतो. ते हात जोडून उभे होते. मुलगी दारात बॅग घेऊन माझ्याकडे बघत होती.

ते गेल्यावर ताईला मी स्टाफरूममध्ये सगळ्यांदेखत झापलं.

"आईनं फोनवर विचारलं, सर, 'ती कशी हाय गं?' मी म्हणलं, आधी रडायची, आता बरी हाय. काकू, म्हंजे तिची आई, आईच्या शेजारीच बसलेल्या, मला काय माहीत! आन् आईला खोटं सांगू का?"

तिचं बरोबर होतं. शेजारच्या लेकीची खबर विचारली की सांगायची, ही गावची रीत. ती मीच हॉस्टेलात आणून बसवली होती. पण चुगलखोर म्हणून नाव झालं ते तिचं, आणि मी ते होऊ दिलं.

पुढच्या आठवड्यात मी मुलीच्या घरी फोन लावला. वडिलांनी कौतुकानं तिच्या हातात दिला. मागं बायकांचा आवाज येत होता.

"सर," ती दबक्या आवाजात म्हणाली, "हॉस्टेलातली माझी जागा कुणाला दिली का?"

"नाही अजून," मी म्हणालो. आदल्याच दिवशी दिली होती.

"मग ठेवा ना थोडे दिवस. मी बाबांच्या मागं लागले हाय."