शोकसभेत मी हेन्रीला पास केलं

काल मी मित्राच्या शोकसभेत मित्राचाच अपमान केला.

आणि लोकांनी माना डोलावल्या.

हेन्री लोपीस गेला. हार्ट अटॅक. आज दुपारच्या फ्लाइटने सिसिलियावहिनी त्याला दोहाहून वसईला घेऊन जाताहेत.

हेन्री हॉस्पिटलच्या रजिस्ट्रेशन काउंटरला होता. दिवसभर जगभरची नावं टाइप करायचा आणि घरी येऊन त्यांची मुळं शोधत बसायचा. तेच त्याचं क्रिकेट.

"लोपीस म्हणजे रोमन लोकांचा लांडगा," तो पहिल्याच भेटीत म्हणाला. "आणि तू लांडगे. एकाच कळपातले की आपण!"

"आणि हेन्री?"

"ते जर्मन टोळ्यांचं. घराचा राजा."

आतून वहिनी ओरडल्या, "राजे, आधी कचरा टाकून या!"

"हिचं नाव रोमन घराण्याचं. सिसिलिया. मूळ अर्थ आंधळी."

"म्हणून तर तुमच्याशी लग्न केलं!"

एकदा दोहाबाहेर समैस्माच्या बीचवर मात्र तो हसला नाही.

"इथे अरबांना आपण दोघेही हिंदी, म्हणजे भारतीय. पण आपल्या महाराष्ट्र मंडळात नवीन कोणी भेटला की मलाच विचारतो, मराठी छान बोलता हो, कुठे शिकलात? अरे, आईच्या मांडीवर शिकलो. नाव पोर्तुगीजांच्या काळात आलं. भाषा आधीपासून घरात होती."

"सोड रे," मी म्हणालो.

काल अल सद्दच्या त्याच्या फ्लॅटवर सगळे जमले. मी वयाने मोठा, म्हणून चार शब्द मला बोलायला सांगितले.

मी म्हणालो, "हेन्रीचं नाव परकं होतं, पण मनाने तो अस्सल मराठी होता."

मला वाटलं, केवढं कौतुक केलं.

लोक पांगल्यावर वहिनी जवळ आल्या. आवाज चढवला नाही.

"भाऊजी, आयुष्यभर लोकांनी यांना असंच पास केलं. तुमच्याकडून तरी परीक्षा नको होती."

घरी येऊन देवापुढे दिवा लावला. वर बघवेना.

सकाळी वहिनींचा मेसेज आला. "गावच्या सिमेट्रीत दगडावर मराठीत लिहायचंय. तुम्ही लिहून द्या."

कालच्या प्रकारानंतरही मलाच सांगितलं. कालच्या बोलण्यापेक्षा याचीच लाज जास्त वाटली.

'मराठीवर प्रेम करणारा' असं लिहिलं. खोडलं. आईवर प्रेम करणारा, असं कोणी दगडावर लिहितं का?

'मराठी मातीचा सुपुत्र'. तेही खोडलं. पुन्हा सर्टिफिकेटच.

शेवटी पाठवलं:

हेन्री लोपीस
सिसिलियाचा पती
राहणार वसई

"एवढंच?" वहिनींनी विचारलं.

"एवढंच, वहिनी. कालचं चुकलं माझं."

उत्तर आलं. "एअरपोर्टला या."

निघालोय.

हेन्री, नीट घरी जा रे. तुला निरोप देताना माझी मान खाली आहे.