नानांची भीती

ज्येष्ठातल्या एका टळटळीत दुपारी धुळ्याच्या आमच्या घरासमोर शहाद्याकडचा एक ओळखीचा माणूस येऊन उभा राहिला. डोक्यावरचं पागोटं काढून त्यानं काखेत धरलं होतं. "बाई, नाना गया," एवढंच तो म्हणाला आणि मी घाबऱ्याघाबऱ्या विचारलं, "कोठे लई गयात त्यास्ले?" तो माझ्याकडे बघतच राहिला. मग माझ्या ध्यानात आलं की नानांना कुणी कुठे नेलेलं नव्हतं, नाना वारले होते… देश स्वतंत्र होऊन दुसरं वर्ष सरत आलं होतं, तरी दारात निरोप्या उभा राहिला की मला आधी पोलीसच आठवत. नानांना जाऊन आता महिना उलटला. त्यांच्याविषयी लिहायचं तर मला या भीतीपासूनच सुरुवात करावी लागते, कारण माझे वडील हे मी पाहिलेल्या माणसांतले सगळ्यांत भित्रे गृहस्थ होते.

ब्राह्मणपुरीजवळच्या आमच्या खेड्याचे ते पोलीस पाटील. गावाला नानांचा धाक होता आणि नानांना साहेबाचा. दर थंडीत दौऱ्यावरच्या गोऱ्या साहेबाचा मुक्काम आमच्या आमराईत पडे. त्याच्या आदल्या दिवसापासून नानांच्या घशाखाली घास उतरत नसे. माय ताक पुढे करी, ते तसंच राही. दूध, कोंबड्या, सरपण, घोड्यांना गवत, तंबू ठोकायला माणसं… हे सगळं गावानं द्यायचं आणि मोबदला मागायचा नाही, अशीच रीत होती. माणसं बहुतेक भिलाटीतून, म्हणजे भिल्लांच्या वस्तीतून येत. नानांनी कधी कुणावर हात उगारल्याचं मला आठवत नाही. तशी वेळच येत नसे. कोतवालानं वस्तीत जाऊन नाव पुकारलं की माणूस हातातलं काम टाकून निघे.

वेस्ता आमच्या शेतात कामाला होता. तो सातपुड्यातला, काठीकडचा. त्याचं तान्हं पोर एकदा मरतामरता वाचलं. तेव्हा तो काठीच्या होळीत नाचायचा नवस बोलला होता. त्या साली साहेबाचा मुक्काम लांबला आणि नेमका होळीवर आला. वेस्ता निघायची परवानगी मागायला आला, तर नाना म्हणाले, तंबू हालल्याशिवाय जायचं नाही. वेस्ता राहिला. होळी होऊन गेली, तंबू हालला, आणि तो उरलेली दोरखंडं टाकायला आमच्या अंगणात आला. नानांना वाईट वाटलं असावं. ते म्हणाले, "काय करतस वेस्ता, साहेबनं भेव." वेस्तानं दोरखंडं नीट गुंडाळून ठेवली आणि तो म्हणाला, "साहेब माले वळखत नही. मी त्याले वळखत नही. माले भेव तुन्हं लागस, पाटील." त्याच्या आवाजात राग नव्हता. विचारलं म्हणून सांगितलं, असा तो बोलला आणि गेला. माय नानांना जेवायला हाक मारत राहिली.

पुढे शहाद्याच्या बाजारात स्वराज्याच्या सभा होऊ लागल्या. कोण काय बोललं, गावातून कोण ऐकायला आलं, हे कळवायचं काम नानांकडे असे. त्यामुळे एकूणएक सभा त्यांनी ऐकली. बोलणारे बदलत, पण नाना झाडाखाली हजर. घरी येऊन ते धाकट्या भावाशी, म्हणजे आमच्या आप्पाकाकांशी वाद घालत. आप्पा व्यवहारी माणूस. सरकारनं आपलं काय वाईट केलं, असं ते विचारत. एका साहेबानं तर गावाला विहीर बांधून दिली होती. नाना म्हणायचे, विहीर चांगलीच आहे, साहेबही चांगला होता, पण ती कुठे खणायची हे गावातल्या एकाही बाईला कुणी विचारलं नाही. ती आमराईशेजारी झाली, तंबूच्या सोयीची… आणि आपल्या बाया अजून गोमाई नदीवरूनच पाणी आणतात. यावर आप्पांनी एकदा असा प्रश्न टाकला की मला वाटलं, आता नाना गप्प होतील. आप्पा म्हणाले, "आपला लोके राज करतीन तर काय येगळं व्हई? उद्या तूच साहेब व्हशी."

"व्हसू," नाना म्हणाले. "मंग वेस्ता माले काढी टाकी. साहेबले काढता येस का?"

स्वराज्यावर मी पुढे पुष्कळ ऐकलं आणि वाचलं, पण ते का हवं हे माझ्या मनात पक्कं झालं आमच्या ओट्यावर. हे बोलताना नाना सारखे रस्त्याकडे बघत होते, कुणी ऐकत तर नाही ना म्हणून.

बेचाळीस साली पोळ्याला मी माहेरी आले होते. बैलांची शिंगं रंगवणं चाललं होतं आणि नंदुरबारहून बातमी आली, की झेंडा घेऊन निघालेल्या शाळकरी पोरांवर गोळ्या झाडल्या. रंगाचा हात तसाच धरून गडी उभे राहिले. आमच्या गावच्या काही पोरांनीही त्या आठवड्यात फेरी काढली होती. दोनच दिवसांत नानांना हुकूम आला, त्या पोरांची नावं द्या. नानांना सगळी नावं ठाऊक होती, ती पोरं त्यांच्या डोळ्यांदेखत वाढलेली. आप्पा म्हणाले, "नावं दे आनि मोकळा व्हय. वतन जाई, पोरंसोरं उघडा पडतीन." नाना परसात गेले आणि त्यांना भडभडून ओकारी झाली. मी पाणी घेऊन गेले.

सकाळी त्यांनी बैलांची दमणी जुंपायला सांगितली आणि मला म्हणाले, "तू संगे चाल. एकला गऊ तर वाटमधूनच फिरी यीसू." लेकीसमोर मागे फिरायची लाज वाटेल, एवढ्याच आधारावर ते निघाले होते. गोमाईला पूर आलेला असावा, दमणी पलीकडे जाऊच नये, असं मला वाटत होतं. त्यांनाही वाटत असणार. पाणी जेमतेम गुडघाभर होतं.

शहाद्याच्या कचेरीत नानांनी पाटीलकीचा शिक्का मेजावर ठेवला. "सरकारनं सरकारले परत," असं काहीतरी ते पुटपुटले. मेजापलीकडचे अंमलदार आपल्यातलेच, चांगले शिकलेले. ते रागावले असते तर बरं झालं असतं. ते मायेनं म्हणाले, "पाटील, सणाचे दिवस आहेत. घरी जा, नीट विचार करा. मी काही ऐकलं नाही, असं समजा." परत जायचा रस्ता इतका जवळ आणि इतका सोपा होता. नानांनी मान वळवून माझ्याकडे पाहिलं. त्यांचा सदरा पाठीला चिकटला होता.

"विचार करीच उनू, रावसाहेब," ते म्हणाले. विचार करूनच आलो, हे सांगताना त्यांचा आवाज लहान मुलासारखा बारीक झाला होता.

"आणि नावं?"

"नावं माले म्हाईत शेतस. पन सांगाव नही मी."

माहीत नाहीत असं म्हणाले असते तर कदाचित सुटलेही असते. पण खोटं बोलायचीसुद्धा त्यांना भीतीच वाटत असे. शिपायानं त्यांचा दंड धरला आणि मी रिकाम्या दमणीतून घरी आले.

नाना तुरुंगात होते त्या दिवसांत ती पोरं सातपुड्यात निघून गेली आणि कुणाच्या हाती लागली नाहीत. आमच्या ओट्यावर मात्र पोलिसांच्या भीतीनं माणूस फिरकेना. वाटेवर भेटलेल्या बाया मान खाली घालून पुढे जात. वतन परक्याकडे जाऊ नये म्हणून आप्पांनी पाटीलकी घेतली. उन्हाळ्यात नाना सुटून आले ते खोकला घेऊन. तुरुंगातलं ते फारसं बोलत नसत. कडी वाजली की भीती वाटायची, एवढंच एकदा म्हणाले.

पुढच्या थंडीत नानांच्या खोकल्यापायी मी माहेरीच होते. साहेबाचा मुक्काम ठरला आणि कोतवाल आमच्याकडे बैलगाडी मागायला आला. नानांनी "नही" म्हटलं. मग आप्पा स्वतः आले, आरडाओरडा केला, शेवटी हात जोडले. नाना घाबरले होते, पण पुन्हा तेच म्हणाले. आप्पा भिलाटीत गेले, तर वेस्तानं विचारलं, नानांनी गाडी दिली का? नाही दिली, तर आम्हीही येत नाही. दुपारपर्यंत गावभर सगळ्यांनी असंच नाकारलं. तंबू आमराईत लागलाच नाही, साहेब पुढच्या गावाला गेला. आता जप्ती येणार, फौज येणार, म्हणून आप्पा आणि आम्ही सगळे जीव मुठीत धरून बसलो. आठवडे गेले… काहीच झालं नाही. शेवटी नाना माझ्याकडे बघून चकित झाल्यासारखे म्हणाले, "इतलंसंच व्हतं ते, पोरी."

स्वराज्य आलं, पण नानांची भीती काही गेली नाही. आता आपलेच अधिकारी येत. ते ओट्यासमोर आले की सगळी माणसं सवयीनं उभी राहत. नाना बाजेवर बसून असत. दोन्ही हातांनी बाजेची कड घट्ट धरत, कपाळावर घाम येई आणि म्हणत, "या, बठा." मी एकदा विचारलं की एवढा त्रास होतो तर उठून का उभे राहत नाही. ते म्हणाले, आपलंच माणूस आहे, लोक बसून बोलतात याची त्याला आत्ताच सवय लावली पाहिजे.

तेराव्याच्या दिवशी नवे मामलेदार समाचाराला आले. ओटा भरलेला होता. आप्पा लगबगीनं उठले, त्यांच्यामागे सगळेच उठले. मी नानांच्या बाजेवर बसले होते. उठू नये असं काही मी ठरवलं नव्हतं, पण माझ्या हातांनी कड धरली होती. बाया पदराआडून माझ्याकडे बघत होत्या. साहेब समोर येऊन थांबले.

"या, बठा," मी म्हणाले.

त्यांनी इकडेतिकडे पाहिलं, जोडे काढले आणि ते ओट्यावर, माणसांच्या रांगेत बसले.