वेळ संपली म्हणजे नाही नव्हे

माझी ताई दिवसभर नकार निवडते. हे मी थट्टेनं म्हणतो, पण तिचं काम खरंच तेवढंच आहे. आमच्या कंपनीनं दवाखाने आणि रक्ततपासणीच्या प्रयोगशाळा एकमेकांना जोडून दिल्यात. दवाखान्यातला कॉम्प्युटर दूरच्या प्रयोगशाळेतल्या कॉम्प्युटरला हाक मारतो, अमक्याचा रिपोर्ट दे, तमक्याची तपासणी नोंदव म्हणतो, आणि उत्तराची वाट बघतो. काम झालं तर प्रश्नच नाही. झालं नाही, तर का झालं नाही हे सांगणारा एक कोड परत जातो. कुठल्या वेळी कुठला कोड पाठवायचा हे ताई ठरवते, आणि त्या कोडखाली माणसांना कळेल असं जे वाक्य पडद्यावर उमटतं ते मी लिहितो. ती नकार निवडते आणि मी त्याला कपडे घालतो.

ताईची जागा खिडकीशी आहे. दुपारी जेवणानंतर तिथं ऊन टेबलावर येऊन बसतं, पंखा मंद फिरतो, आणि ताई डोळे अर्धवट मिटून बसते. नवख्याला वाटेल, बाई पेंगतेय. एकदा मला म्हणाली, "इथून हाक निघते ना, ती मला जाताना दिसते. लांबलचक रिकामा व्हरांडा असतो, टोकाला बंद दार. ती दार वाजवते आणि उभी राहते. आत कुणी आहे की नाही, तिला बिचारीला काय माहीत."

"पगारवाढीच्या वेळी हे साहेबांना सांगू नकोस," मी म्हटलं.

ती हसली नाही. ती अजून त्या व्हरांड्यातच होती.

आपल्या भाषेत 'नाही' या शब्दाला फार राबवून घेतात. रिपोर्ट नाही, जमणार नाही, देणार नाही, माहीत नाही, सगळीकडे त्यालाच जुंपायचं. ताईला ते चालत नाही. "नाही म्हणजे कसलं नाही?" हा तिचा ठरलेला प्रश्न. त्या नावाचा रिपोर्टच नसेल, तर 'सापडलं नाही'. मग पुन्हा विचारण्यात अर्थ नाही. पलीकडचं यंत्र बंद असेल, तर 'आत्ता उपलब्ध नाही'. जरा दम खाऊन पुन्हा विचारायचं. रिपोर्ट आहे पण तुम्हाला द्यायचा नाही, तर 'परवानगी नाही'. आमच्या आधीच्या गृहस्थांनी या सगळ्याला 'अज्ञात चूक' असा एकच कोड लावला होता आणि ते सुखानं निवृत्त झाले. त्यांचा पसारा ताई तीन महिने निस्तरत होती.

आमचं वाजलं ते 'वेळ संपली' या कोडवरून. हाक मारणारा ठरावीक सेकंद थांबतो, तेवढ्यात उत्तर आलं नाही की हा कोड. त्याखाली मी लिहिलं होतं, 'तुमचे काम झाले नाही. पुन्हा प्रयत्न करा.' सुटसुटीत वाक्य होतं, मला त्याचा थोडा अभिमानही होता. ताईनं सरळ काट मारली.

"झालं नाही, हे तुला कुणी सांगितलं?"

"उत्तर आलं नाही ना?"

"उत्तर आलं नाही, एवढंच कळलं. आपण थांबायचं सोडलं म्हणून पलीकडच्यानं काम सोडलं असं थोडंच आहे? त्यानं तपासणी नोंदवलीही असेल. तू पुन्हा नोंदवायला लावलंस तर एकाच माणसाचं दोनदा रक्त काढतील."

"मग लिहू काय?"

"लिही. उत्तर वेळेत आले नाही. काम झाले असेल किंवा नसेल. आधी चौकशी करा."

मी मुकाट लिहायला घेतलं. 'काम झाले असेल' इथपर्यंत आलो आणि माझा हात थांबला. उचलली जीभ लावली टाळ्याला, हा माझा जुना रोग आहे.

"ताई," मी म्हटलं, "आप्पांना तू किती वेळ दिला होतास?"

आप्पा म्हणजे आमचे वडील. ते पुस्तकं बांधतात, आणि अडखळत बोलतात. शब्द ओठांपर्यंत येतो आणि तिथंच बसून राहतो. आई होती तेव्हापासून घरात नियम होता, आप्पांचं वाक्य कुणी पुरं करायचं नाही, थांबायचं. आम्ही दोघं थांबण्यात पटाईत. पण आठ वर्षांपूर्वी एका सकाळी ताई तिच्या भाड्याच्या खोलीवरून घरी आली, आप्पांच्या खोलीत गेली, म्हणाली की आम्ही लग्न ठरवलंय, तुम्ही याल ना, आणि थांबली नाही. भावजी आप्पांच्या फारसे मनात भरलेले नाहीत, हे तिला ठाऊक होतं, आणि तेच भावजी खाली हॉर्न वाजवत होते. संध्याकाळी तिनं मला फोन केला. "आप्पा नाही म्हणाले."

लग्न नोंदणीनं झालं. साक्षीदार म्हणून मी सही केली. तेव्हापासून बापलेकीत अबोला. मी आप्पांजवळच राहतो, पण तो विषय मी कधी काढला नाही, आणि आप्पांनी तर तोंडात मिठाची गुळणी धरली होती. मला त्यांचा राग होता. एकुलत्या एका लेकीला नाही म्हणवतं तरी कसं, असं मनात यायचं.

ताईनं मनात मोजून बघितलं. "दहा सेकंद," ती म्हणाली. "फार तर बारा."

"आणि ते नाही म्हणाले?"

"त्यांनी तोंड उघडलं होतं." मग हळूच, "म्हणाले असं नाही."

माझे कान गरम झाले. कुणी न उच्चारलेल्या शब्दावरून मी आठ वर्षं बापावर डूख धरून होतो, आणि वर वाक्यं लिहिण्याचा पगार घेत होतो. मला स्वतःची लाज वाटली.

"विचार त्यांना," मी म्हटलं.

"आणि खरंच नाही निघालं तर? आत्ता निदान माहीत नाही एवढं तरी आहे माझ्याकडे." ताईला घाबरलेलं मी फार कमी वेळा पाहिलंय.

तरी रविवारी ती आली. आप्पांची खोली मागच्या बाजूला आहे. खळीचा वास, वजनाखाली दाबून ठेवलेली पुस्तकं, कडेनं कापलेल्या कागदाच्या पट्ट्या. दुपारचा उजेड आत येऊन पुठ्ठ्यांवर आडवा झाला होता. आप्पा पानं शिवत होते. ताई समोर स्टुलावर बसली आणि तिनं विचारून टाकलं.

"आप्पा, त्या दिवशी तुम्ही काय म्हणणार होतात?"

सुई थांबली. आप्पांचे ओठ जुळले, उघडले, पुन्हा जुळले. कुठेतरी नळ ठिबकत होता. खोलीतलं सगळं इतकं संथ झालं, की आम्ही तिघं झोपलोय आणि एकच स्वप्न बघतोय असं मला वाटलं. माझ्या जिभेवर चार शब्द तयार होते. मी जीभ चावली. ताई हलली नाही.

"म्ह... म्हणणार नव्हतो," आप्पा म्हणाले. "म्हटलं. हो म्ह... म्हटलं. तू जि... जिन्यात होतीस."

ताईच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं. ते तिनं पुसलंही नाही.

"मला ऐकू आलं नाही, आप्पा."

"मला वाटलं, ऐ... ऐकलंस. तारीख क... कळवशील. वाट बघितली." त्यांनी दोरा बोटाला गुंडाळला आणि सोडला. "मग कळलं, झ... झालं लग्न. म्हटलं, हिला आपण न... नको असू."

आठ वर्षं घरात दोन निरनिराळी उत्तरं नांदत होती, आणि दोघांपैकी कुणीच खोटं बोलत नव्हतं. ताई स्टुलावरून उठून त्यांच्याशेजारी खाली बसली. म्हणाली, "पुढच्या रविवारी या. आमच्याकडे, जेवायला. याल ना?"

आम्ही थांबलो. आप्पांनी टेबलावरची पेन्सिल उचलली, पुठ्ठ्याचा एक तुकडा पुढे ओढला.

"प... पत्ता?"

ताईनं सांगितला. त्यांनी एकेक अक्षर कोरल्यासारखं लिहून घेतलं, पुन्हा वाचून बघितलं, आणि चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं.

"तुला हा म... माहीत होता?"

माहीत होता. महिन्यातून दोनदा मी तिथं जेवायला जात होतो.