बिल्ला नंबर दोनशे चौदा

आमच्या खाणीच्या गावात 'खाली' आणि 'वर' या शब्दांचे अर्थ जगाच्या उलटे होते. जगात माणूस मेला की 'वर गेला' म्हणतात. आमच्याकडे वर आला म्हणजे सुखरूप घरी आला. पाळी सुटली, बाबा वर आले, चहा टाका. आणि जो परत आला नाही तो 'खाली राहिला'. मेला हा शब्द खाणीतल्या माणसासाठी कुणी तोंडातून काढत नसे.

म्हणून परवा अमरावतीच्या ऑफिसात फोन आला तेव्हा माझं काळीजच हाललं. मायच्या शेजारच्या क्वार्टरमधली सून बोलत होती, "ताई, सगळे गाडीत बसले, पण आजी खाली राहिल्या." फोन हातातून फरशीवर पडला. ती बिचारी चांदूर रेल्वेची, खाण बंद पडल्यावर लग्न होऊन आलेली, तिला आमची भाषा काय माहीत! उचलून कानाला लावला तर ती बोलतच होती, "बत्तीघरात जाऊन बसल्या. हलायले तयारच नाई." माझा जीव भांड्यात पडला आणि मग असा संताप आला म्हणून सांगू!

गावाखालची जमीन खचून राहिली होती. पोकळच ती, पन्नास वर्षं पोखरलेली. क्वार्टर रिकामे करायचा तो शेवटचा दिवस होता, दुसऱ्या दिवशी सगळं पाडणार होते. आणि माय बसली हट्ट करून.

मिळाली ती वणीकडची गाडी पकडली. मला मुळात धीर नाही. दर दहा मिनिटांनी उठायचं, पुढच्या काचेतून रस्ता बघायचा, फोन लावायचा. शेवटी कंडक्टर म्हणाला, "बाई, बसा ना जरा. तुमी उभ्या राह्यल्यानं गाडी जोरात पळते काय?" बसले. पाय हलतच होते.

बाबा मूळचे हिवरखेडकडचे. दुसऱ्याच्या शेतात राबून कंटाळले आणि खाणीवर आले. काय थाट होता तेव्हा गावाचा! चोवीस तास लाइट, शेगडीला फुकट कोळसा, दवाखाना, शनिवारी मैदानात पडद्यावर सिनेमा. नळाला खाणीतून उपसलेलं पाणी, कधी खंड नाही. हिवरखेडची मावशी आली की उगाच तोटी उघडायची, बंद करायची. "मजा आहे बुवा तुमची," म्हणायची. खाण बंद झाली आणि आधी भोंगा गेला, मग डॉक्टर गेले, मग नळ. गावातल्या बुद्धविहाराची साफसफाई तेवढी बाया करत राहिल्या. मी माझी नोकरी धरून अमरावतीत. बोलणाऱ्यांनी बोलावं मला, मी स्वतःलाच रोज बोलते.

मी सहा वर्षांची असताना खाली पाणी फुटलं. बाकीचे वर आले. बाबा खाली राहिले. तो भाग बंद करून टाकला, बाबांना कुणी आणू शकलं नाही. त्यांच्या जागी मायला बत्तीघरात नोकरी मिळाली.

बत्तीघराचा कायदा साधा होता. खाली जाणाऱ्यानं आपला पितळी बिल्ला खिडकीतून द्यायचा आणि बत्ती घ्यायची. बिल्ला आत फळीवरच्या खिळ्याला लटकायचा. वर आला की बत्ती जमा, बिल्ला परत. त्या पाळीतला एक जरी बिल्ला फळीवर दिसला तर माय घरी यायची नाही. प्रत्येक बत्ती दोन्ही हातांत फिरवून बघायची आणि मोठ्यानं पुकारायची, "अमुक नंबर, वर आला!"

मी पोचले तेव्हा ऊन उतरत होतं. सामान भरलेली गाडी उभी होती, ड्रायव्हर वैतागलेला. बत्तीघराचं छप्पर कधीच चोरांनी नेलेलं. माय आत तिच्या जुन्या जागी, खिडकीशी बसलेली.

"काहून आली वं तू?"

"काहून म्हणजे? डोकं ठिकाणावर आहे का तुझं? उद्या हे सगळं पाडून राहिले!"

तिनं नुसतं फळीकडे बोट केलं. सगळे खिळे रिकामे. एकावर काळा पडलेला बिल्ला. दोनशे चौदा. बाबांचा. भंगारवाल्यांनी खिडकीच्या कड्यासुद्धा उपटून नेल्या, पण या बिल्ल्याला कुणी हात लावला नव्हता.

"मंग काढून घे ना, माय! आणि चाल."

"कशी काढू? बत्ती जमा झाली नाई त्याईची. बावीस वर्षं मी कोनालेच फुकट बिल्ला देला नाई."

संताप कुठल्या कुठे गेला. बावीस वर्षं ती त्या बिल्ल्याखाली बसून दुसऱ्यांचे नवरे वर आल्याचं पुकारत होती, आणि हे माझ्या कधी डोक्यातही आलं नव्हतं.

मी बाहेरून फिरून खिडकीपाशी गेले, जिथं माणसं रांग लावायची तिथं. मोबाइलची बत्ती लावली आणि आत सरकवला.

"घे माय. दोनशे चौदाची बत्ती जमा."

वाटलं, आता चिडणार. तिनं मोबाइल दोन्ही हातांत घेतला. उलटापालटा करून बघितला. तडकलेल्या काचेवरून अंगठा फिरवला.

"काच फोडूनच आनली," ती म्हणाली. "त्याईचं नेहमीचंच."

मग उठली. खिळा गंजून बिल्ला त्याला चिकटून बसला होता, तिनं ओढून काढला. पदरानं पुसला, खिडकीतून माझ्या हातावर ठेवला आणि मोठ्यानं पुकारलं, "दोनशे चौदा, वर आला!"

गाडीतले सगळे वळून बघू लागले. मी तिथंच उभी राहून ढसाढसा रडले.

"चाल आता," माय म्हणाली. "खाली कोनी राह्यलं नाई."