माल पाठवण्याआधीचा फोन

मला नसत्या चौकशा करायची खोड आहे. त्यामुळेच असेल, खराडीहून सॉफ्टवेअरचे सल्लागार येणार असं ठरलं तेव्हा साहेबांनी तयारीचं काम माझ्या गळ्यात घातलं. आमची कंपनी शेतीच्या पंपांचे सुटे भाग विकते. ऑफिस आणि गोदाम दोन्ही पुण्याजवळ वाघोलीत. कोपऱ्यातली खोली रिकामी करणं, टेबलं मांडणं, इंटरनेट ओढून घेणं हे सोपं होतं. पण सल्लागार काही आठवडे बसून आमचं काम कसं चालतं ते बघणार आणि त्यावरून सॉफ्टवेअर बेतणार होते. म्हणजे ते कसं चालतं हे आधी आपल्याला तरी माहीत हवं. इतकी वर्षं तिथला पगार घेऊनही मला ते माहीत नव्हतं, आणि हे लक्षात आल्यावर मला चैन पडेना.

मी टेबलाटेबलाशी जाऊन विचारायला लागले. ऑर्डर आली की पुढे काय होतं? बिलिंगवाल्यांनी स्क्रीनवर दाखवलं. ऑर्डर एका आठवड्यातली, माल गेला भलत्याच आठवड्यात. मधले दिवस कशात गेले? "काकांनी माल सोडला नव्हता," असं सगळ्यांचं उत्तर.

काका म्हणजे आमचे डिस्पॅचचे प्रमुख. मूळचे वाघोलीचेच. त्यांच्या शेतावर आता इमारती उभ्या आहेत, पैशाला तोटा नाही, मुलगा-सून दोघंही आयटीत. काकू गेल्यापासून सुट्टीच्या दिवशी बंगल्यात ते आणि टीव्ही. स्वभाव तिखट, आवाज गोदामाच्या दुसऱ्या टोकाला पोचणारा, आणि टेबलावरच्या फोनला दुसऱ्या कुणी हात लावलेला त्यांना खपत नसे.

"मॅडम, ऑर्डर दिली म्हंजी माल पाहिजेच हाय असं नसतंय," त्यांनी मला समजावलं. "दुकानदार नुसतं नाव लावून ठिवतो. मग मी फोन करतो, पाठवू का? त्यो हो म्हणला की माल गाडीत."

दुकानदार भाव वाढण्याआधी ऑर्डर टाकून ठेवत आणि गिऱ्हाईक आलं की माल उचलत. हे कुठेही लिहिलेलं नव्हतं, तरी सगळे पाळत. मला भारी गंमत वाटली. काही ना काही निमित्त काढून मी काकांच्या टेबलाशी घुटमळायला लागले. 'पाठवू का'ला कितीसा वेळ लागतो? बाकी बोलणं विहिरीच्या पाण्याचं, कुणाच्या मुलीच्या लग्नाचं, कुणाच्या गुडघ्याचं. फोन तिकडूनही येत. माल नको असला तरी येत.

साहेबांना ही पद्धत ठाऊक होती आणि तिची त्यांना लाज वाटत होती. "बाहेरच्या लोकांसमोर हा गावठी प्रकार नको," ते म्हणाले. "ते आहेत तोवर ऑर्डर आली की माल गेला पाहिजे." मुलगी बघायला येणार म्हणून घर आवरतात, तसं आम्ही कामच आवरून टाकलं. काकांना फोन करणं थांबवायला सांगितलं. वर हेही, की सॉफ्टवेअर आल्यावर या फोनाफोनीची गरजच उरणार नाही. काकांनी आवाज न चढवता फोन टेबलाच्या कडेला सरकवला. त्यांच्या आरडाओरड्याची मला कधी भीती वाटली नव्हती, त्या सरकवलेल्या फोनची वाटली.

सल्लागार आले. त्यांची प्रमुख अमरावतीची एक तरुण मुलगी होती, हसतमुख आणि माझ्याहून चौकस. पहिले काही दिवस दृष्ट लागण्यासारखे गेले. मग माल परत यायला लागला. "आत्ता पाठवायला कुणी सांगितलं होतं?" दुकानदार विचारत. गोदामात खोकी मावेनात, तेव्हा ती सल्लागारांसाठी सजवलेल्या खोलीत रचावी लागली. खोक्यांना वळसा घालून खुर्चीपर्यंत पोचता पोचता एक दिवस त्या अमरावतीच्या मुलीने विचारलंच, "आम्ही यायच्या आधी असं नव्हतं ना होत? तेव्हा तुम्ही काय वेगळं करत होते?"

आम्ही साहेबांकडे पाहिलं. त्यांनी काकांकडे पाहिलं आणि "सांगून टाका," म्हणून केबिन गाठली.

काका खुर्ची ओढून बसले. तिच्याकडे न बघता मला म्हणाले, "समदं हिला सांगितलं, तर मला कोण इचारणार?"

मग तिच्याकडे वळून त्यांनी सांगायला सुरुवात केली, काही न राखता. कोण नुसतं नाव लावतो, कुणाला कधी विचारायचं, सगळं. ती भराभर टाइप करत होती.

"तुमचं ते सॉफ्टवेअर फोन करंल?" शेवटी त्यांनी विचारलं.

"मेसेज पाठवेल, काका. माल पाठवू का म्हणून. दुकानदार हो किंवा नाही दाबतील."

"आन् न्हाई दाबलं तर?"

"माल थांबेल."

"का न्हाई म्हणला, ते इचारंल?"

तिने खरंच विचार केला. "नाही," ती म्हणाली. "ते नाही विचारणार."

काकांनी मान हलवली. मग माझ्याकडे वळून, एरवी त्यांना कधी जमलं नसतं इतक्या हळू आवाजात म्हणाले, "मॅडम, माझ्या टेबलावरचा फोन ऱ्हाईल ना?"

कुणाच्या टेबलावर काय राहील हे ठरवायचा मला काडीचाही अधिकार नव्हता. "राहील," मी म्हणाले.