तुटक रेघेवरचं घर

काका एक डोळा मिटायचे, हात लांब करून अंगठा उभा धरायचे आणि निकाल द्यायचे, "आज दोन टॉवर बाहेर राहिले."

आमची वसाहत क्रेगीबर्न उपनगराच्याही पुढे, जरा उंचवट्यावर. हवा स्वच्छ असली की लांब दक्षिणेला मेलबर्नच्या उंच इमारती दिसतात. आम्ही इथे राहायला आलो तेव्हा अख्खं शहर काकांच्या अंगठ्यामागे लपायचं. पुढे तिकडे क्रेन वाढल्या, टॉवर वाढले, अंगठा पुरेना.

"शहर माजलंय, का माझा अंगठा झिजलाय?"

"झिजायला घरात काडी तरी हलवता का?" लिंबाच्या झाडाला पाणी घालता घालता काकू म्हणायच्या.

काका आमचे शेजारी. सगळी नोकरी ड्राफ्ट्समनची, आधी पुण्यात, मग इथे. मी नकाशेच करणाऱ्या कंपनीत इंजिनिअर. आमच्या घरात कॉलेजचा उंबरा ओलांडणारी मी पहिली. वडील सांगलीत ट्रकचे पंक्चर काढायचे. हे मी कुणी न विचारताही सांगते. काका मला "इंजिनिअरबाई" म्हणायचे आणि लगेच माझी परीक्षा घ्यायचे.

"नकाशात तुटक रेघ म्हणजे काय?"

"प्रस्तावित, काका."

"म्हणजे नाही! पक्की रेघ म्हणजे भिंत. तुटक रेघ म्हणजे कुणाच्या तरी मनातला विचार. त्यावर टेकू नये."

आणि असं सांगणाऱ्या माणसाने स्वतःचं घर तुटक रेघ बघून घेतलं होतं. तुम्हीही अशी माणसं पाहिली असतील, जगाला शिकवतात ते घरी विसरतात. वसाहतीमागच्या माळावर मोठं स्टेडियम होणार, स्टेडियमसाठी रेल्वे स्टेशन होणार, असं नकाशात होतं. काका दर शनिवारी काकूंना घेऊन माळापर्यंत चालत जायचे. वाटेत त्यांनी लाकडी खुंट्याही ठोकल्या होत्या. "घरापासून आठशे चाळीस पावलं. हिची हजार होतील, ही रमतगमत चालते." गृहप्रवेशाच्या दिवशी त्यांनी एक नारळ घरी फोडला आणि दुसरा त्या रिकाम्या माळावर, जिथे प्लॅटफॉर्म येणार होता तिथे. आम्ही खोबरं खात खूप हसलो होतो.

स्टेशनची एवढी घाई का, ते पुढे कळलं. अंगठा धरताना ते जो डोळा मिटायचे, त्याने त्यांना तसंही दिसत नव्हतं. आता दुसराही धूसर होत चालला होता. वर्षअखेरीला गाडीचं लायसन्स जाणार, असं डॉक्टरांनी सांगून टाकलं. काकू ड्रायव्हिंगच्या तिसऱ्या धड्याला राउंडअबाउटमध्ये गाडी थांबवून रडल्या होत्या, त्यानंतर स्टिअरिंगला शिवल्या नाहीत. आहे ते स्टेशन गाडीने पंधरा मिनिटं. गाडी बंद म्हणजे दोघं घरात बंद.

त्यांच्या मुलीने त्या स्टेशनजवळ तळमजल्यावरचं एक युनिट, म्हणजे छोटा फ्लॅट, शोधलं. पुढे छोटं अंगण. सोमवारपर्यंत हो-नाही कळवायचं होतं. शनिवारी काका माझ्याकडे आले.

"इंजिनिअरबाई, खरं सांग. आपलं स्टेडियम आहे ना जागेवर? असेल तर मी कशाला हलू? स्टेशन होईपर्यंत काढू कसंतरी."

दोनच दिवसांपूर्वी आमच्या ऑफिसात सुधारित नकाशा आला होता. माळ कोरा होता. स्टेडियम शहरात गेलं होतं, त्याच टॉवरांच्या गर्दीत. जाहीर होईपर्यंत बाहेर एक अक्षरही बोलायचं नाही, अशी ताकीद होती. माझी नोकरी नवी होती, अजून पर्मनंट नव्हते. मला "सांगता येत नाही" म्हणता आलं असतं. काका शहाणे होते, तेवढ्यावरून ओळखलं असतं.

मी म्हणाले, "नो वरीज, काका. आहे तिथेच आहे."

त्यांनी युनिट नको म्हणून कळवलं.

तीन आठवड्यांनी बातमी आली. काका कुंपणापाशी उभे होते, मोबाईल डोळ्याला चिकटवून वाचत.

"शहरात बांधणार म्हणे. बरोबरच आहे, माणसं तिथे आहेत. इथे काय, आपण आणि ससे." मग माझ्याकडे न बघता, "तुमच्याकडे कधी कळलं?"

"त्या शनिवारच्या आधी."

त्यांनी मोबाईल खिशात ठेवला. मग म्हणाले, "नोकरी पर्मनंट झाली?"

"झाली."

"छान झालं. पेढे दे."

टोमणा असता तर सोसला असता. पण त्यांना खरंच आनंद झाला होता. मी पेढे केले, त्यांनी दोन खाल्ले. काकूंनी त्यांच्यासाठी दिलेली वाटी तशीच परत पाठवली.

लायसन्स गेल्यावर हाती लागलं ते शहरातलं एका खोलीचं घर, तेविसाव्या मजल्यावर. खाली ट्राम. बाल्कनीत कपडे वाळत घालायला बंदी. लिंबाचं झाड इथेच राहिलं. मी पहिल्यांदा फोन केला तेव्हा काका म्हणाले, "समोर तुझ्या स्टेडियमचं काम चाललंय. दिसत नाही, पण खांब ठोकताना आवाज येतो. पक्की रेघ हो!"

"काकू कशा आहेत?"

"आहे इथेच," ते म्हणाले आणि फोन काकूंना दिला नाही.

माळावर गवत कापायचं मशीन येतं ते काकांच्या खुंट्या चुकवून जातं. परवा हवा स्वच्छ होती. मी शेवटच्या खुंटीपाशी उभी राहिले, एक डोळा मिटला आणि अंगठा उभा धरला. निम्मं शहर झाकलं गेलं. त्या निम्म्यात तेविसावा मजला आहे की नाही, कळेना. मी हात खाली घेतला.